तबकडीची कड

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्रजीतल्या एका शब्दाने मला फसवलं, तिथून सुरुवात करतो. शब्द होता 'ओव्हरस्टेबल'. चौतीस वर्षं भोसरीच्या टूलरूममध्ये प्लास्टिकच्या साच्यांवर काम केलेला मी माणूस. आमच्या धंद्यात 'स्टेबल' म्हणजे चांगलं. मशिन स्टेबल, तापमान स्टेबल, माप स्टेबल. मग 'ओव्हरस्टेबल' म्हणजे त्याहून चांगलं, असा सरळ हिशेब मी केला आणि बारा वर्षांच्या नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून एक तबकडी विकत घेतली.

लेक आणि जावई कॅलिफोर्नियात राहतात, पासाडेनाच्या जवळ. निवृत्तीनंतर दोन-तीनदा तिकडे जाऊन राहण्याचा योग आला. नातू मराठी समजतो सगळं, बोलतो मात्र मोजकं. शाळा, मित्र, कॉम्प्युटर यांतून आजोबांच्या वाट्याला तो फारसा येत नसे. पण रविवारी सकाळी तो खांद्याला एक झोळी अडकवून जवळच्या बागेत 'डिस्क गोल्फ' खेळायला जायचा, आणि एकदा आपणहून म्हणाला, "आजोबा, येता?" त्या दोन शब्दांखातर मी कुठेही गेलो असतो.

खेळ सोपा आहे. गोल्फमध्ये चेंडू आणि काठी असते, इथे हाताने फेकायची प्लास्टिकची तबकडी. जमिनीतल्या भोकाऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. तबकडी साखळ्यांवर आदळते आणि खणखणत टोपलीत पडते. ती कमीत कमी फेकींत तिथे पोचवायची. झोळीत दहा-पंधरा तबकड्या असतात आणि प्रत्येकीचं काम वेगळं. जवळून टोपलीत टाकायची ती 'पटर', मधल्या अंतराची 'मिडरेंज', लांब पण ताब्यात राहून जाणारी 'फेअरवे ड्रायव्हर' आणि जीव खाऊन फेकायची ती 'डिस्टन्स ड्रायव्हर'.

मी दिलेली तबकडी फेअरवे ड्रायव्हर होती. 'फायरबर्ड' तिचं नाव, वजन पुरेपूर १७५ ग्रॅम. पोराने मनापासून फेकली. ती जराशी पुढे गेली आणि कुणी कान धरून ओढल्यासारखी डावीकडे वळून धप्पकन झुडपात पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. "छान आहे, आजोबा," म्हणून त्याने ती झोळीच्या तळाशी ठेवली. पुढच्या रविवारी ती बाहेर निघाली नाही. आणि त्याच्या पुढच्या रविवारी त्याने मला "येता?" असंही विचारलं नाही. कदाचित झोपेत असेन म्हणून नसेल विचारलं. पण मला लागायचं ते लागलं.

मग मी या तबकडीच्या मागे लागलो. वाचत गेलो तसं कळलं, की आम्ही ज्या बागेत जात होतो तीच या खेळाची जन्मभूमी. ओक ग्रोव्ह असं त्या बागेचं जुनं नाव, आता हाहामोंग्ना म्हणतात. एका बाजूला कोरडी नदी, जुने ओक वृक्ष, आणि शेजारीच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी, म्हणजे मंगळावर गाड्या पाठवणाऱ्या मंडळींची प्रयोगशाळा. १९७५ साली जगातलं पहिलं कायमचं डिस्क गोल्फ मैदान इथे उभं राहिलं. कुंपणापलीकडे मंगळाची यानं, अलीकडे उडत्या तबकड्या.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. चक्र म्हटलं की आपल्याला सुदर्शन आठवतं, आणि सगळ्याचं मूळ आपल्याकडेच शोधायची आपल्याला खोड आहे. या तबकडीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हिचं मूळ आहे पॉपकॉर्नच्या डब्याच्या झाकणात.

१९३७ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत फ्रेड मॉरिसन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आपल्या मैत्रिणीबरोबर, ल्युसीलबरोबर, असं एक पत्र्याचं झाकण इकडून तिकडे फेकत होता. झाकणाला पोचे पडले तेव्हा त्यांनी केक भाजायच्या पत्र्याच्या थाळ्या घेतल्या. त्या जास्त चांगल्या उडत. पुढल्या वर्षी सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर दोघं खेळत असताना एका माणसाने ती थाळी पंचवीस सेंटला विकत मागितली. दुकानात तिची किंमत पाच सेंट. बस्स, पोराच्या डोक्यात धंदा शिरला. पुढे दोघांचं लग्न झालं, महायुद्ध आलं, मॉरिसन पी-४७ जातीचं लढाऊ विमान चालवायला इटलीत गेला, विमान पडलं, युद्धकैदी झाला. परत आला तो हवेचं गणित डोक्यात घेऊन. १९४६ साली त्याने कागदावर तबकडीचं चित्र काढलं आणि १९४८ साली वॉरन फ्रान्शियोनी या भागीदाराबरोबर पहिली प्लास्टिकची तबकडी बाजारात आणली. आदल्याच वर्षी अमेरिकेत आकाशातल्या उडत्या तबकड्यांची आवई उठली होती, म्हणून हिचंही नाव 'फ्लाइंग सॉसर'. धंदा काही चालला नाही. भागीदारी मोडली. १९५५ साली मॉरिसनने एकट्याने नवी तबकडी केली, 'प्लुटो प्लॅटर', आणि तिच्यावर चक्क ग्रहांची नावं कोरली. २३ जानेवारी १९५७ रोजी तिचे हक्क व्हॅम-ओ नावाच्या खेळण्यांच्या कंपनीने घेतले. नाव तेवढं बदललं. पूर्वेकडल्या कॉलेजांतली मुलं फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पायच्या थाळ्या फेकून खेळत, तो शब्द कंपनीने उचलला, आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं करून 'फ्रिस्बी' जन्माला आली. भागीदार फ्रान्शियोनीचं नाव मात्र या गोष्टीतून पुष्कळ वर्षं गळालेलंच होतं. कारखान्यात असं किती वेळा होतं ते मी पाहिलं आहे. पहिला साचा कुणी घासला हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्लुटो प्लॅटरची खरी करामत तिच्या कडेला होती. मॉरिसनने तबकडीचा बाहेरचा भाग खाली उतरता केला. त्याला आजही 'मॉरिसन स्लोप' म्हणतात. कडेला वजन आलं की फिरण्याचा जोर टिकतो, जसा आपल्या जात्याच्या वरच्या दगडाचा टिकतो.

दुसरा माणूस एड हेड्रिक. १९६४ साली तो व्हॅम-ओत नोकरीला लागला. खेळणं म्हणून विकली जाणारी फ्रिस्बी त्याने खेळाचं साधन म्हणून घडवायला घेतली. तिच्या पाठीवर बारीक गोल रेघा उठवल्या, त्यामुळे उड्डाण सरळ झालं. १९६७ सालच्या डिसेंबरात त्याला तिचं पेटंट मिळालं. पण तेवढ्याने त्याचं समाधान होईना. नुसतं फेकाफेकी करून किती वेळ जाणार? फेकायला काही लक्ष्य हवं. आधी झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे अशी लक्ष्यं धरून पोरं खेळतच होती, आणि असे खेळ अमेरिकेत, कॅनडात ठिकठिकाणी वेगवेगळे चालू होते. हेड्रिकने ओक ग्रोव्हमध्ये मैदान आखलं ते खांबांवर. तबकडी खांबाला लागली की नाही यावर भांडणं होत, म्हणून त्याने साखळ्या आणि टोपली शोधून काढली. त्याचं पेटंट १९७७ सालचं. १९७६ साली त्याने खेळाडूंची संघटना काढली आणि सदस्य क्रमांक एक स्वतःला घेतला. घेणारच!

इथपर्यंत तबकडी मात्र तीच होती, गोल बोथट कडेची. समुद्रकिनाऱ्यावर झेलायला उत्तम, लांब फेकायला मध्यम.

तिसरा माणूस डेव्ह डुनिपेस. मला विचाराल तर तिघांत हा माझ्या जातीचा, म्हणजे साच्याच्या जातीचा. १९८३ साली त्याने तबकडी लहान आणि भरीव केली आणि तिची कड तासून चाकूच्या पात्यासारखी उतरती केली. वाऱ्याला कापत जाणारी. 'ईगल' हे तिचं नाव. त्याच वर्षी आदल्या सालचा विश्वविजेता हॅरल्ड डुव्हॉल आणि आणखी एक-दोघे यांच्यासह त्याने इनोव्हा नावाची कंपनी काढली. १९८६ च्या फेब्रुवारीत पेटंट मिळालं. ही कड आली आणि झेलायचा खेळ तो फेकायचा खेळ झाला. अशी तबकडी जोरात येताना झेलायला जाल तर हात सुजेल. म्हणून तर मैदानावर समोर माणूस असेपर्यंत फेकायची नाही, हा पहिला नियम. पण अंतर! २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या पाठबळावर एकाने ३३८ मीटर फेक केली. हाताने फेकलेली वस्तू तीन फुटबॉल मैदानांपलीकडे.

कड पातळ झाली तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला. तो समजला तेव्हा माझी चूक मला कळली.

लहानपणी भोवरा सगळ्यांनी खेळला असेल. फिरत्या भोवऱ्याला बोटाने पुढे ढकला, तो पुढे न कलता बाजूला कलतो. फिरत्या वस्तूचा हा स्वभावच. उजव्या हाताने, हात छातीसमोरून फिरवून तबकडी फेकली, की ती वरून पाहिली असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ती वेगात असते तेव्हा हवेची उचल मध्याच्या जरा मागे लागते, म्हणजे नाक खाली दाबलं जातं. भोवऱ्याच्या नियमाने ती उजवीकडे कलते. याला खेळाडू 'टर्न' म्हणतात. पुढे वेग ओसरतो, तबकडी खाली बसू लागते, हवा पोटाखालून येते, उचल मध्याच्या पुढे सरकते, नाक वर ढकललं जातं, आणि ती डावीकडे कलते. हा 'फेड'. प्रत्येक फेकीच्या शेवटी हे डावं वळण येतंच, थोडं किंवा फार. डावखुऱ्यांनी हे सगळं आरशात पाहावं.

आता ज्या तबकडीत वेगात असतानाही नाक खाली दाबलं जात नाही, जी उजवीकडे कलायला तयारच नाही आणि पहिल्या संधीला डावीकडे वळते, ती ओव्हरस्टेबल. म्हणजे 'अतिस्थिर' नव्हे, 'हट्टी' म्हणा. मी पोराला हट्टी तबकडी दिली होती, आणि तीही सगळ्यात वजनदार. ती नीट उडायला जो वेग लागतो तो बारा वर्षांच्या खांद्यात नव्हताच. वेग नाही म्हणजे तिच्या दृष्टीने फेक सुरुवातीलाच संपलेली. ती पहिल्या पावलापासून फेड करत होती.

हा हट्ट येतो कुठून? इथे मला माझी टूलरूम भेटली. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात ती रेघ म्हणजे पार्टिंग लाइन. साच्याच्या कामात आम्ही ती लपवण्यासाठी आयुष्य घालवतो. या खेळात तबकडीच्या नाकाची उंची त्याच नावाने ओळखतात! तबकडी सपाट टेबलावर ठेवायची आणि डोळा टेबलाच्या पातळीत आणून पाहायचं, की कडेचं टोक जमिनीपासून किती वर आहे. टोक वर असेल तर तबकडी हट्टी, खाली असेल तर मऊ. पाठ सपाट असेल तर हट्ट आणखी वाढतो, घुमटासारखी फुगीर असेल तर ती जास्त वेळ तरंगते. आणि गंमत अशी, की एकाच साच्यातून निघालेल्या दोन तबकड्या सारख्या नसतात. प्लास्टिक कुठलं, ते साच्यात किती वेळ निवलं, बाहेर आल्यावर किती आकसलं, यावर टोक वर-खाली होतं. ज्याने इंजेक्शन मोल्डिंग मशिनवर रात्रपाळी केली आहे त्याला हे सांगायला नको. म्हणून दुकानात एका नावाच्या पाच तबकड्या असतील तर पाचही टेबलावर ठेवून बघा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

तबकडीवर चार आकडे छापलेले असतात, तेही मी आधी वजनाच्या लेबलासारखे वाचले होते. इनोव्हाने ही पद्धत काढली आणि पुढे जवळजवळ सगळ्यांनी उचलली. पहिला आकडा वेग, म्हणजे तिला नीट उडायला किती जोर लागतो. दुसरा तरंगणं. तिसरा टर्न, तो उणे असेल तर ती उजवीकडे कलते. चौथा फेड, शून्यापासून पाचापर्यंत. फायरबर्डचे आकडे नऊ, तीन, शून्य, चार. म्हणजे जोर भरपूर हवा, तरंगणार कमी, उजवीकडे अजिबात नाही आणि शेवटी डावीकडे घट्ट. 'टीबर्ड' नावाची तिची जुनी बहीण सात, पाच, शून्य, दोन. तीही उजवीकडे जात नाही, पण कमी जोरात उडते आणि शेवटी बेताने वळते. आकडे वाचता आले असते तर मी टीबर्डच घेतली असती.

मग कुणी विचारेल, अशी हट्टी तबकडी करतातच कशाला? त्याचं उत्तर मला एका दुपारी मिळालं. शरद ऋतूत तिकडे डोंगराकडून कोरडा वारा सुटतो, सँटा अ‍ॅना म्हणतात त्याला. त्या दिवशी लेकीने बळेच मला नातवाबरोबर पाठवलं. वारा अगदी समोरून. पोराने आपली आवडती हलकी तबकडी फेकली. समोरच्या वाऱ्यात तबकडीला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे तिच्या लेखी ती जास्त जोरात फेकलेली. टर्न वाढला, ती उजवीकडे उलटली आणि जमिनीवर चाकासारखी पळत कोरड्या नदीच्या उतारावरून खाली गेली. दुसरी गेली तिच्या मागे. पोरगं रडवेलं झालं. मी म्हटलं, "अरे, तळाशी ती माझी आहे बघ. टाकून तर बघ." भीत भीतच म्हटलं.

फार लांब नाही गेली. पण सरळ गेली. वाऱ्याने तिला उजवीकडे ढकलायचा प्रयत्न केला, तिने नकार दिला आणि शेवटी सावकाश डावीकडे येऊन टेकली. नातवाने माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढे चालू लागला. पुढच्या टोपलीला एक मोठा ओक आडवा येत होता, उजवीकडे वळसा घालायचा होता. तिथे त्याने हात बाजूने झटकून फेकली. आपण तळ्यात चपटा दगड मारतो तशी. या फेकीत तबकडी उलटी फिरते, म्हणून तिचा फेड उजवीकडे. हाताच्या झटक्याने तबकडी थरथरते आणि मऊ तबकडी अशा वेळी उलटते. हट्टी तबकडी ते सहन करते. ओकाला वळसा घालून ती गेली. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून ओव्हरस्टेबल फेअरवे ड्रायव्हर निवडायची वेळ आली की मी लोकांना एवढंच विचारतो, की ती कशासाठी हवी? रोजच्या फेकीसाठी हवी असेल तर फेड दोनाच्या वर जाऊ नका, विशेषतः नवखे असाल तर. वाऱ्यासाठी, वळशासाठी, बाजूच्या फेकीसाठी हवी असेल तर तीन-चार फेड घ्या, पण मग तिच्याकडून लांबी मागू नका. वजनाचा हव्यास नको. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपर्यंतच परवानगी, म्हणून साधारण २१ सेंटिमीटरच्या ड्रायव्हरचं वजन १७५ च्या आसपास अडतं. पण मुलांना, बायकांना आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना १६५, १६० ग्रॅमच्या तबकड्या मिळतात, त्या बऱ्या. कडेची रुंदी बोटांत मावली पाहिजे. लहान पंजाला रुंद कड धरवत नाही. आणि प्लास्टिक. स्वस्त प्लास्टिक हाताला चिकटून छान बसतं, पण झाडांवर आदळून आदळून त्याची कड झिजते, टोक खाली येतं आणि तबकडीचा हट्ट मोडतो. म्हणून हट्टासाठी घ्यायची असेल तर ती महाग, टिकाऊ पॉलियुरेथेनची घ्यावी. उलट काही जुने खेळाडू हट्टी तबकडी मुद्दाम वापरून वापरून नरम करतात आणि मग जिवापाड जपतात.

परत यायच्या आधी आम्ही दोघं दुकानात गेलो. एका टीबर्डची पाच भावंडं काउंटरवर मांडली. मी टेबलाच्या पातळीत डोळा आणून पाहत होतो आणि नातू माझ्या शेजारी हनुवटी काचेवर टेकवून तेच करत होता. "धिस वन, आजोबा. हिचं नाक खाली आहे." बरोबर होतं त्याचं. ती १६५ ग्रॅमची आम्ही घेतली. फायरबर्डही त्याच्या झोळीत राहिली, आता तळाशी नाही.

एड हेड्रिक २००२ सालच्या ऑगस्टमध्ये गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या ओतल्या गेल्या आणि त्या आप्तमित्रांकडे गेल्या. हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की राख मिसळलेलं प्लास्टिक साच्यात नीट वाहिलं असेल का आणि त्या तबकड्यांची पार्टिंग लाइन कुठे बसली असेल. सवय जात नाही.